बी तुमूने नावाजलेली पट्टी

चटई विणावी तर बी तुमूनेच, म्हणजे तुमूबाईनेच, असं पूर्व आफ्रिकेतल्या आमच्या पेंबा बेटावर सगळे म्हणत, आणि तुमू स्वतः ते सगळ्यांच्या आधी म्हणे. शिंदीच्या पात्या वळून ती जी पट्टी विणायची, तिचा काठ आखल्यासारखा सरळ यायचा. अशा लांबच लांब पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून दाभणाने शिवल्या की चटई होते. हे काम इथल्या बायका एकमेकींच्या ओट्यावर जमून करतात. जिच्या घरी जमायचं तिने खाऊ घालायचं आणि बाकीच्यांनी हात चालवायचे.

तुमूला बोलवायला मात्र बायका बिचकत. ती आली की आधी दुसरीची पट्टी हातात घ्यायची, दोन्हीकडून ताणायची, तोंडाने ‘च्च’ करायची आणि चारचौघींत सरळ उकलून टाकायची. सगळ्यात जास्त पट्ट्या उकलल्या गेल्या त्या बी रिझिकीच्या. रिझिकी तिची लहानपणापासूनची मैत्रीण. तिचं तोंड हातापेक्षा जास्त चालायचं, त्यामुळे विणकाम ढिलं पडायचं. "माझ्या पट्टीचं आणि हिच्या बोटांचं सात पिढ्यांचं वैर आहे," ती म्हणायची. पण दर वेळी बसायची तुमूच्याच शेजारी.

अशा या तुमूची नजर चालली होती. आधी कडेकडेने अंधार आला, मग मधलंही धुरकट झालं. एव्हाना तिला माणूस दिसे, पण चेहरा दिसत नसे. पांढरी पाती आणि रंगवलेली पाती एवढं कळे, कुठला रंग ते कळत नसे. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही. तिने ते कुणालाच कळू दिलं नव्हतं.

कारण होतं झुवेना, तिची एकुलती एक मुलगी. आईचे गुडघे दुखतात म्हणून या पोरीने एक चांगलं स्थळ मोडलं होतं. गुडघ्यांपायी! आता कुठे टांगा शहरातल्या मबरूक नावाच्या शिंप्याशी तिचं जमलं होतं. मुलगा तिच्या मनात भरला होता, लवंगांची तोडणी संपली की लग्न, आणि मग समुद्रापलीकडे संसार. आईला दिसत नाही हे तिला कळलं असतं, तर तिने भरलेली पेटी त्याच दिवशी रिकामी केली असती. तुमूला रात्रंदिवस एवढीच धास्ती होती. मुलगी बोटीत चढेपर्यंत कळता कामा नये, मग काय व्हायचं ते होवो.

आणि नेमकी नवरीच्या पलंगावरची चटई आईच्या हातची लागते, तीही रंगीत नक्षीची. साधी पांढरी पट्टी तुमू झोपेतही विणेल, पण नक्षी कशी विणणार? म्हणून तिने ठरवलं, सगळ्या मैत्रिणींना बोलवायचं. दहा हातांत आपले हात लपून जातील.

पण बोलवायचं म्हणजे खर्च. तोडणीची मजुरी तर पलंगात आणि कापडचोपडात केव्हाच गेली होती. तुमूने सगळं घरातलंच काढलं. शिंदी ओढ्याकाठची फुकटची. खायला परसातले कसाव्याचे कंद, त्यात दारच्या नारळाचं दूध. चहाला आलं होतं, साखर जेमतेम. रंग शेजारच्या हिदायाच्या घरी उरलेले, हिरवा आणि जांभळा. लाल मिळाला असता तर कदाचित तिला ओळखता आला असता, पण फुकटात मिळालेल्या रंगाला नावं कोण ठेवणार? तिने जांभळ्या पात्यांच्या जुडीला एक गाठ मारली आणि हिरव्याच्या जुडीला दोन. मग निरोप धाडला, येताना आपापला पेला घेऊन या.

"पेला आणलाय गं!" रिझिकी अंगणातूनच ओरडली. "पाणी तरी तुझं आहे ना, का घरी जाऊन तेही आणू?"

"तुझं तोंड आणलंस तेवढं पुरे," तुमू म्हणाली. "बस खाली."

दुपारची नमाज आटोपून सगळ्या ओट्यावर जमल्या. कसावा ऊन ऊन होता आणि बायकांनी तो बोटं चाटून खाल्ला. हिदायाने मासळीची चौकशी केली, तेव्हा रिझिकी म्हणाली, "मासळी नवरीच्या पेटीत भरलीय, टांगाला जाऊन खा." झुवेना खळखळून हसली आणि दारातून आतबाहेर करत चहा देत राहिली. तुमूलाही बरं वाटलं. तिने सवयीप्रमाणे हिदायाची पट्टी ओढून घेतली, बोटं फिरवली आणि काठ ढिला आहे म्हणून टीचभर उकलली. तो खरंच ढिला होता. बोटांना सगळं कळत होतं.

बोलण्याच्या नादात जुड्या कधी सुटल्या आणि हिरव्या-जांभळ्या पात्यांचा एकच ढीग कधी झाला, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. रिझिकी त्या दिवशी कधी नव्हे ती गप्प बसून विणत होती. मांडीवर खेळवलेल्या पोरीची चटई, म्हणून तिने अगदी जीव ओतला होता. शेवटी पट्टी तुमूच्या मांडीवर टाकत ती म्हणाली, "घे बाई. काढ चुका."

तुमूने पट्टी ताणून पाहिली. काठावरून अंगठा नेला, मग मधून नेला. एकही पेड सैल नव्हता. तिने पुन्हा एकदा बोटं फिरवली आणि तिला खरोखरच भरून आलं.

"रिझिकी," ती मोठ्याने म्हणाली, "ही मी एक पेडही न उकलता शिवणार. अगदी मधोमध."

ओट्यावर एकदम शांतता झाली. पट्टी अर्धी हिरवी होती आणि अर्ध्यातून पुढे भलत्याच पेडाला जांभळी झाली होती. पेड घट्ट घेण्याच्या नादात रिझिकीने ढिगातली हाताला येईल ती पाती घेतली होती. नक्षी पार मोडली होती आणि ते ओट्यावर बसलेल्या प्रत्येकीला दिसत होतं. हिदायाचा हात थांबला. तुमूला शांतता ऐकू आली, पण काय चुकलं ते उमगेना.

झुवेना किटली घेऊन दारात उभी होती. "कुठली पट्टी, आई? बघू?" ती वाकली.

रिझिकीने पट्टी हिसकावून घेतली. "बघ, बघ तुझी आई! जन्मभर माझं विणकाम उकललं तरी हिचं पोट भरलं नाही, आता चारचौघींत टोमणे मारते! रंग चुकला तर चुकला म्हण ना सरळ. म्हणे मधोमध शिवणार! माझी फजिती टांगापर्यंत पोचवायचीय हिला!"

रंग! तुमूला उमगलं. तिने लगेच आवाज चढवला. "मग काय करू? हिरवा कुठला आणि जांभळा कुठला हे कळत नाही तुला! डोळे आहेत की बटणं?"

"बटणं आहेत, बटणं! शिंप्याच्या सासूने सांगावं आणि आम्ही ऐकावं!"

झुवेना हसत सुटली. "मावशी, तिचं तोंड तुम्हाला आज नवीन आहे का?" असं म्हणून ती सगळ्यांच्या पेल्यांत चहा ओतू लागली.

"आता मी हिच्या नाकासमोरच बसते," रिझिकीने जाहीर केलं आणि ती तुमूला अगदी खेटून बसली. तिने आपल्या हाताने पट्टी उकलली, चुकल्या जागेपर्यंत. मग एकेक पाती तुमूच्या तळव्यावर ठेवत ती हळूच पुटपुटू लागली, "हिरवी. हिरवी. ही जांभळी." हिदायाने ढीग निवडायला घेतला, जांभळ्या उजवीकडे आणि हिरव्या डावीकडे. पेंबाच्या बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी तिथे असायला हवं होतं. जमलेल्यांपैकी कुणीही तो विषय काढला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

सगळ्या गेल्यावर रिझिकी भांडी घासायच्या निमित्ताने मागे राहिली. झुवेना विहिरीवर गेली होती.

"कधीपासून गं?"

"झाले बरेच दिवस."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"तू गावभर केलं असतंस."

रिझिकीने पातेल्यावर राख चोळली. "केलं असतं," ती म्हणाली. "पण पोरीला सांगायला हवं, तुमू. उद्या माझ्याकडे जाब मागेल ती."

"सांगेन. पहिल्यांदा माहेरी येईल तेव्हा सांगेन. तोवर तिचं घर तिकडे झालेलं असेल. आज सांगितलं तर जाणारच नाही ती."

रिझिकीला ते पटलं नाही, पण ती वाद घालत बसली नाही. पातेलं पालथं घालून तिने हात पुसले. "आणि ती पट्टी? मला बरं वाटावं म्हणून बोललीस ना तसं?"

"बोटांना खोटं बोलता येत नाही गं. रंगाचं सोड, विणकाम माझ्या तोडीचं होतं."

"आयुष्यात एकदा पट्टी नावाजलीस," रिझिकी म्हणाली, "आणि तीच मला माझ्या हाताने उकलावी लागली!" दोघी इतक्या हसल्या की विहिरीवरून झुवेनाने हाक मारून विचारलं, काय झालं म्हणून.

चटई वेळेवर झाली आणि लग्नही झालं. टांगाची बोट लागली त्या सकाळी वेते बंदराच्या धक्क्यावर माणसांची नुसती रेटारेटी होती. झुवेनाने आईच्या गळ्यात पडून निरोप घेतला. मबरूकने गुंडाळलेली चटई खांद्यावर घेतली आणि दोघं बोटीवर चढली. रिझिकी तुमूचा दंड धरून उभी होती. लोकांना वाटलं, म्हातारीला आधार देते आहे.

भोंगा वाजला. तुमूसमोर नुसता उजेड होता आणि त्यात एक मोठा काळा ठिपका सरकत होता.

"कठड्याशी आलीय," रिझिकी कानाशी म्हणाली. "तुलाच शोधतेय. हात वर कर. जरा डावीकडे वळ. हां, आता पाहिलं तिने."

तुमूने हात हलवला. "रडतेय का गं?"

झुवेना नवऱ्याच्या खांद्याला धरून हुंदके देत होती. अंगावर पांघरलेल्या खांग्याचं टोक तिने तोंडात कोंबलं होतं.

"छे गं," रिझिकी म्हणाली, "हसतेय."

मग तुमूही हसली, आणि बोट वळून दिसेनाशी झाली तरी हात हलवत राहिली. रिझिकीने तिला थांब म्हटलं नाही.