डाव्या पायाचा जोर

आमच्या घरात तीन सायकली आहेत आणि एक म्हैस. सायकली कुणीही चालवाव्यात, म्हैस मात्र नवरा आणि मी सोडून तिसऱ्या कुणाला धार काढू देत नाही. या एका जनावरापायी दर वर्षी दसऱ्याच्या आधी आमच्याकडं वाद पेटतो: सोनारीला जायचं कुणी?

धाराशिवचा आमचा सायकलवाल्यांचा गट दसऱ्यानंतर सोनारीच्या काळभैरवाला जातो. शनिवारी जायचं, मुक्काम करायचा, रविवारी परत. दोघांपैकी एकानं म्हशीपाशी थांबायचं. मागच्या दोन्ही वेळेला नवरा गेला, कारण मी म्हणे मागं राहते. एरवी दर रविवारी सकाळी आम्ही दोघं तुळजापूरचा घाट चढतो. तो वर पोचून रसवंतीच्या बाकड्यावर बसतो आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडतो, "ये निवांत! गर्दी न्हाय अजून!"

तो पुढं जातो हे खरं. पण त्याची सायकल बारीक टायरची, उतरत्या हँडलची. माझी जाड टायरची, वर पुढं भाजीची बुट्टी. टायर पुढं जातं, तो जात नाही. हे मी बोलले तर त्याला कुरकुर वाटते. म्हणून मोजायचं ठरवलं, ज्याचे पाय भारी त्यानं सोनारीला जायचं.

मी बी.एस्सी. आहे, विषय भौतिकशास्त्र. आमच्या घराण्यात माझ्या आधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळं मी हे जिथं तिथं सांगते आणि इथंही सांगणार. हायस्कूलला विज्ञान शिकवते. वॉट म्हणजे काय ते मला विचारावं. पायाचा जोर वॉटमध्ये मोजणारं यंत्र सायकलला बसवता येतं. नुसता वेग बघितला तर टायर, वारा, हँडल सगळे मधे तोंड घालतात. जोर बघितला की फक्त पाय उरतो.

अट एकच होती. यंत्र या सायकलीवरून त्या सायकलीवर टाकता आलं पाहिजे. मग ओसरीवर बसून निवड सुरू झाली. एक प्रकार मागच्या चाकात बसतो, पण आमच्या तीन सायकलींची चाकं तीन तऱ्हेची. दुसरा पेडलच्या दांड्यात असतो, पण तो काढाय-घालायला दर वेळेला मिस्त्री लागणार. तिसरा पेडलमध्येच असतो. पाना घ्यायचा, एका सायकलीचं पेडल काढायचं, दुसरीला लावायचं. तो ठरला.

आता एका बाजूचा की दोन्ही बाजूंचा? एका बाजूचा स्वस्त. तो फक्त डाव्या पायाचा जोर मोजतो आणि दुप्पट करून सांगतो.

"म्हंजी?" नवरा म्हणाला. "माझा उजवा पाय काय फुकट फिरतोय व्हय? गाडीला किक मारून मारून सगळा जोर उजवीकडं गेलाय माझा!"

"आपल्या दोघांनाबी तेच माप लागणार हाय," मी म्हणाले.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, "एकच पेडल का देत्यात? चपला घेतल्यावर कुणी एकच देतं का?"

आता सासरे, म्हणजे आमचे मामा, पुढं सरकले. त्यांची काळी सायकल माझ्या लग्नाच्याही आधीची. "माझ्या सायकलीला बसंल का?"

"बसंल मामा. पेडलचा आटा तोच हाय."

"मग घ्या," मामा म्हणाले. निवड संपली.

पेडल आलं नवरात्राच्या तिसऱ्या माळेला. खोका उघडला तर त्यात पाय ठेवायला जागाच नव्हती. नुसता एक लोखंडी जबडा. बुटाच्या तळाला एक प्लेट ठोकायची, ती त्या जबड्यात खट्कन अडकवायची आणि पाय मारायचा, अशी त्याची रीत. बुटाशिवाय ते पेडल म्हणजे नुसता खुंटा.

आणि आमचं अख्खं घर अनवाणी होतं. घटस्थापना ते दसरा आम्ही पायात काही घालत नाही. चपला-बूट पोत्यात घालून माळ्यावर जातात. हे दर वर्षीचं. तरीपण दोघांनी मिळून, चांगला विचार करून, नवरात्रात पोचेल असं बुटाचं पेडल मागवलं होतं. यात बी.एस्सी.चा काही दोष नाही. पेडलचं चित्र बघताना पायाकडं कोण बघतं?

दसऱ्यापर्यंत थांबताही येईना. गटाला नाव अष्टमीला कळवायचं होतं. पुढं खंडेनवमी. त्या दिवशी आत्या घरातलं कोयता, खुरपं, पाना, पक्कड सगळं पूजेला मांडतात आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत कुणाला हात लावू देत नाहीत.

नवऱ्यानं आधी अंदाज घेतला. "आये, एकाच पायात बूट घातला तर? माप डाव्याचंच हाय."

"आणि देवीला तुझा एकच पाय दिसतोय का?"

 मग मला मामांचा काटा आठवला. एका नवरात्रात त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता, तेव्हा आत्यांनीच पट्टी बांधून दिली होती.

"आत्या, पट्टी चालती ना?"

"लागलं असंल तर चालती की."

"आणि हाड मोडल्यावर फळी बांधत्यात, ती?"

"ती बी चालती," आत्या म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "कुणाचं हाड मोडलंय?"

"अजून न्हाय. पण ह्या पेडलवर अनवाणी चढलं तर मोडंलच. आधीच बांधून घेतो."

आत्यांनी वात वळून पूर्ण केली. "फळी बांधा. पण टाच उघडी पायजे, आणि बंद न्हाय लावायचा. बंद लावला की ते पायताण."

मग फळीच्या तुकड्याला प्लेट ठोकली, तुकडा डाव्या तळपायाला लावला आणि मामांच्या जुन्या धोतराची पट्टी घोट्यापर्यंत आवळून गुंडाळली. प्लेटपुरतं भोक ठेवलं. टाच उघडी. लांबून बघणाऱ्याला माणूस नुकताच दवाखान्यातून पळालाय असं वाटावं.

सप्तमीला सकाळी माझी सायकल स्कूटीला बांधून घाटाखाली गेलो, ती तिथंच ठेवली. पहिला नंबर नवऱ्याचा. मी मागं स्कूटीवर, तीही अनवाणी. दोघांनी ठरवलं होतं की सरासरी वॉट बघायचे, वजनानं भागायचे आणि वाद घालायचा नाही. वजनाचं तो लगेच कबूल झाला, कारण उपासानं आपण उतरलोय असा त्याचा समज होता. साबुदाण्यानं कुणी उतरत नाही.

घाटात देवीला चालत निघालेल्यांची रांग होती. पहिल्या वळणापर्यंत नवरा झकास चालला. तिथं एका घोळक्याचं लक्ष त्याच्या पायाकडं गेलं.

"अगं बाई, पाय मोडलाय! तरीबी निघालाय बघा!"

"आई राजा उदो उदो! पाव्हणं, लई मोठी भक्ती तुमची!"

आणि चार-पाच जणांनी कॅरियर धरून ढकलायला सुरुवात केली. "नको, नको," नवरा म्हणाला. एकदाच. मी मागून बघत होते. मग तो ताठ बसला. मग त्यानं एक हात वर करून उदो उदो म्हटलं. दुसऱ्या वळणावर त्याचे पाय थांबले ते थांबलेच. एक दमला की दुसरा पुढं येई. असा देवीच्या पालखीसारखा माझा नवरा घाट चढला आणि वर लोकांनीच त्याला धरून उतरवलं.

मोबाईलवर आकडा बघितला. आमचा टेबलफॅन त्याच्याहून जास्त खातो.

"पण वेळ बघ की!" तो म्हणाला. "कधी चढलो न्हाय इतक्या लवकर!"

त्याची सायकल स्कूटीला बांधून खाली आलो आणि पेडल माझ्या सायकलला लावायला घेतलं. डावं पेडल उलट्या बाजूनं आवळतं. नवऱ्याचं खत-बियाणाचं दुकान, त्याला ते ठाऊक असण्याचं कारण नाही, म्हणून मी सांगितलं. त्यानं तोंड वाकडं करून उलटं आवळलं.

आता तो स्कूटीवर, मी सायकलवर, फळी-पट्टी माझ्या पायाला. पहिल्याच वळणावर दोन बायका पदर खोचून धावत आल्या. मी आधीच ओरडले, "ढकलू नका! आपल्या पायानं चढायचा बोल केलाय!"

नवसाचा बोल म्हटल्यावर कोण हात लावतंय? उलट पुढच्यांना हाका गेल्या, "सरका, बाईचा बोल हाय!" सगळा घाट माझ्यासाठी मोकळा झाला. लोक दोन्ही बाजूंना उभे राहून उदो उदो करत होते आणि मी बुट्टीसकट चढत होते. इतका जोर मी पुन्हा कधी लावीन असं वाटत नाही. मधे थांबून श्वास घ्यायचीही सोय नव्हती, सगळे हात जोडून बघत होते.

वर पोचल्यावर कळलं, थांबायचं कसं हे आपण ठरवलेलंच नाही. टाच फिरवली की बूट सुटतो. पट्टी नुसती पायावर फिरते. रसवंतीपुढं एका मावशीनं पाटीत पेरू मांडले होते. मी त्या पेरूंत गेले.

 पाय बघून मावशींनीच मला एक पेरू दिला. नवरा आला तर मी आडवी होते, पाय सायकलला, सायकल पाटीला. मी आधी मोबाईल मागितला. वजनानं भागायची गरजच पडली नाही.

घरी त्यानं आत्यांपुढं फिर्याद मांडली. "आये, हे माप खोटं हाय. मला लोकांनी ढकललं. परत घ्यायला पायजे."

"तू नको म्हणलास का?"

"म्हणलो की."

"एकदा," मी म्हणाले.

आत्यांनी लेकाकडं बघितलं. "लोकांनी तुला देवीच्या दारात फुकट नेऊन सोडलं. ह्या वर्षीचं तुझं फिरणं झालं. सोनारीला ही जाईल."

खंडेनवमीला पेडल कोयत्याशेजारी बसलं, त्याला हळदी-कुंकू लागलं. शनिवारी मी बूट घालून सोनारीला गेले. पेडल मात्र नेलं नाही, ते मामांच्या सायकलीला लावायचा शब्द दिला होता. दोन दिवस मी सगळ्यांच्या पुढं होते असं नाही, मधे होते. पण एकदाही कुणी बाकड्यावरून ओरडलं नाही.

रविवारी दिवस मावळताना घरी पोचले तर दारातच म्हशीचं हंबरणं ऐकू आलं. अंगणात काळी सायकल, तिच्यावर मामा, डाव्या चपलेच्या तळाला ती प्लेट खिळ्यांनी ठोकलेली. नवरा कॅरियर धरून घामाघूम उभा.

"कधीपास्नं?" मी विचारलं.

"दुपारचा चहा झाल्यावर बसले," नवरा म्हणाला. "चप्पल सुटंना. मी सोडलं की हे पडत्यात. धार राहिलीय."

"चप्पल तिथंच ठेवून पाय काढा की मामा!"

"आणि माप?" मामा म्हणाले. "अजून माप लागतंय."

मी सायकल भिंतीला लावली आणि तशीच बादली घेऊन गोठ्यात गेले. म्हशीनं माझ्याकडं बघितलं आणि लाथ उगारली. हेल्मेट काढल्यावर तिनं पान्हा सोडला.