समोरची खिडकी

गयामाय गेल्याचा निरोप अकोल्याहून अमरावतीला आला, तेव्हा मी नव्या पत्रकाचा मजकूर लिहीत होतो. त्याला महिना झाला. ते पत्रक तसंच पडून आहे…

अकोल्याच्या एका कचेरीत ती दर उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायची. आत साहेब गारव्यात, बाहेर ही उन्हात. हा अन्याय मला दिसला. तिची विद्या दिसली नाही. ताटी किती भिजवायची, हात कधी आवरायचा, समोरची खिडकी किती उघडायची, हे ती वारा बघून ठरवायची. तिच्या वस्तीत मी साक्षरता वर्ग घ्यायचो; त्या वस्तीसाठी पत्रक काढलं : 'साहेबाला वाळा, तर आम्हांला गोणपाट का नको?' खाली सूचना : दारावर ओलं गोणपाट टांगा, खिडक्या घट्ट बंद करा. तिला वाचून दाखवलं तर ती हसतच सुटली.

"कावून बाप्पा, ओला वारा आत घेतला, तं तो जाईन कुठून? समोरची खिडकी उघडी पायजे. नाही तं माणूस भातासारखा शिजते."

"छापून झालंय, माय."

"मंग शिजा!"

एक ओळ शाईनं खोडायला एक दुपार पुरली असती. मी खोडली नाही. मला घोषणा आवडली होती, तिच्याखाली खाडाखोड नको होती.

यंदा मृगाच्या तोंडावर, हवा आधीच दमट झालेली असताना, तिला धाप लागली. सून सुमन माझ्याच साक्षरता वर्गात वाचायला शिकलेली. तिनं दारावर ओलं गोणपाट टांगलं, खिडकी लावली, फटीवर कणकेनं माझं पत्रक चिकटवलं. म्हातारी खाटेवरून म्हणत राहिली, "खिडकी उघड वं." सुमन सासूला म्हणे, "मामी, छापेल हाय. भाऊनं लिवलं हाय." डॉक्टर सांगतात, छाती आधीच गेलेली होती. असेल. मला त्या वाक्याआड लपायचं नाही.

निरोप आल्यावर मी अकोल्याला गेलो तेव्हा टिनाखालची ती खोली कोंदटलेली होती, खाटेखालच्या चटईवर बुरशी. सुमननं विचारलं, "भाऊ, म्या बरोबरच केलं नं?"

"तू वाचलं तसं केलंस. मीच चूक लिहिलं, सुमन. माय मला सांगत होती."

तिनं फटीवरच्या पत्रकाकडं बोट केलं. "पण छापेल हाय नं…"

मी पत्रक फाडून खिडकी उघडली. सुमन उठली, कडी लावली, आणि फाटलेला कागद तळहातानं पुन्हा फटीवर दाबत राहिली.