मांडीवर न राहणारी गिटार

"अक्का, आमी सगळे बसलो होतो. ह्यो एकटाच उभा हुता."

करीमभाई मला हे सांगत होते तेव्हा त्यांच्या कपाळातून रक्त गळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. करीमभाई आमच्या उत्तमच्या ऑर्केस्ट्रात ऑर्गन वाजवतात. मी परभणीच्या दवाखान्यात नर्स आहे आणि त्या दुपारी ड्यूटीवर होते. पालमच्या रस्त्यावर टेम्पो उलटल्याचा फोन आधीच आला होता, म्हणून टाक्यांचं सामान काढून ठेवलं होतं. पण स्ट्रेचरवर माझा धाकटा भाऊ असेल हे फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. टेम्पोचं चाक खड्ड्यात गेलं, मागे उभा असलेला उत्तम उडाला आणि डोकं पुलाच्या कठड्यावर आदळलं. कवटी मागून फुटली होती. नाडी बघायची गरज नव्हती. तरी बघितली... हाताला सवय असते. गिटार त्याच्या गळ्यातच अडकलेली होती. दोन तारा तुटल्या होत्या, बाकी तिला काही झालं नव्हतं.

त्याला आता दीड महिना होत आला. भेटायला येणारे सांगतात, उत्तमभाऊ फार शांत माणूस होता. मी चहा देते आणि ऐकून घेते. उत्तम शांत नव्हता. त्याने माणसावर हात उचलला आणि माणसांचा मारही खाल्ला, आणि या दोन्हींचं मूळ एका जागी होतं.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावं पेटली तेव्हा उत्तम सतरा-अठराचा होता. आमच्या वस्तीकडे लोक येत आहेत असं कळल्यावर आमचे वडील, आबा, मालकांच्या ओट्यासमोर गेले. ओट्यासमोर आमच्या माणसांनी उभं राहायचं नाही, उकिडवं बसून बोलायचं, ही गावची रीत. आबा तसेच बसले आणि हात जोडून म्हणाले, "मालक, लेकरंबाळं हायती, तेवढी वस्ती वाचवा." मालकांनी पायरी उतरून त्यांच्या छातीत लाथ घातली. आबा मागे कोलमडले, डोकं दगडावर आपटलं. उत्तम कडब्याच्या गंजीआडून बघत होता. वस्ती पेटली. आमच्या घरातला एक रांजण तेवढा शिल्लक राहिला. आबा परभणीला आल्यावर वर्षभर रक्त थुंकत जगले आणि गेले.

परभणीत उत्तम एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागला आणि तिथल्याच एका जुन्या गिटारीवर शिकला. जयंतीच्या, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात त्याला मागणी येऊ लागली. आता स्वतःची गिटार हवी, तीही विजेवर वाजणारी. माझी नोकरी पक्की झाली होती, म्हणून पैसे माझे होते, आणि पैसे माझे म्हणून ती घ्यायला हैदराबादला मीही गेले.

दुकानात आम्हाला परवडतील अशा दोनच होत्या. एक गोल अंगाची, वापरलेली, पण धडधाकट. दुसरी भिंतीवर धूळ खात लटकलेली, सगळी कोनाकोनांची, मागे दोन टोकदार पंख फाकलेली. कुणीतरी हौसेने सांगून बनवून घेतली होती आणि न्यायला आलाच नव्हता.

"ही काय गिटार हाय का बेचकी?" मी विचारलं.

दुकानदार म्हातारा होता, प्रामाणिकही. "आपा, ये नक्को लेओ. बैठ के बजतीच नहीं. जाँघ पे ठैरती नहीं, फिसल जाती."

उत्तम स्टुलावर बसून बघू लागला. गिटार मांडीवरून खरंच घसरली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. मग तो उठला, पट्टा गळ्यात घातला आणि हसला. "हीच घ्यायची, अक्का."

"येडा झालास का? लग्नात चार-चार तास वाजवावं लागतं. पाय मोडतील."

"मोडू दे की. बसलेल्या माणसाला लाथ घालायला लय सोपं जातं."

"आणि उभ्या माणसाला काठी घालायला?"

"काठीवाला दिसतो तरी, अक्का. उकिडवं बसलेल्याला नुसते पाय दिसतात."

दुकानदार कधी माझ्याकडे, कधी त्याच्याकडे बघत होता. त्याला यातलं काही कळलं नसावं. मी गोल गिटार पुन्हा एकदा पुढे केली. उत्तमने ती हातातही घेतली नाही.

पुढची तीन-चार वर्षं तो उभा राहून वाजवत राहिला. मग पालमच्या अलीकडच्या एका गावात मोठ्या घरचं लग्न होतं. ओट्यावर पाहुणे, समोर अंगणात ऑर्केस्ट्रा. नवरदेवाचा चुलत भाऊ येऊन म्हणाला, "ओट्यावर वडीलधारी बसलेत आणि तुमी त्यांच्यासमोर ताठ उभे? बसून वाजवा." करीमभाईंसकट सगळे बसले. उत्तम म्हणाला, "ही बसून वाजत न्हाई."

"बस म्हणलं की बसायचं!"

त्याने उत्तमच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबलं. उत्तमने हात झटकला. कानफटात बसली. मग काठी आली, पाठीवर, मग मानेवर. उत्तमने पट्टा डोक्यावरून काढला, गिटार मानेकडून दोन्ही हातांनी धरली आणि फिरवली. तिचा पंख त्या चुलत भावाच्या खांद्याजवळ बसला. हाड मोडल्याचा आवाज ऑर्गनच्या वरून ऐकू आला, असं करीमभाई सांगतात. त्यानंतर दहा-बारा जणांनी उत्तमला आडवा केला. ओट्याच्या पायरीवर त्याचा डावा हात धरला आणि हळदीच्या मुसळाने ठेचला.

दोघेही आमच्याच दवाखान्यात आले. उत्तमच्या हाताच्या जखमांत हळद होती. ती मीच धुतली. मधली दोन बोटं काढावी लागली. दुसऱ्या वॉर्डात गळपट्टीचं हाड मोडलेला तो माणूस. त्याची पट्टीही मलाच बांधायची होती. मी कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"कुणी मारलं?" मी विचारलं.

"एका वाजंत्र्यानं, सिस्टर. माजलेत. बस म्हणलं तर बसंना... आय आय, हळू!"

मी पट्टी आवळली. लागते तेवढीच आवळली. हाड नीट जुळलं त्याचं.

पोलिसांत दोन्हीकडून तक्रारी झाल्या, दोन्हीकडून मिटवल्या गेल्या. डाव्या हाताची दोन बोटं नसलेला माणूस तारा दाबू शकत नाही. मी उत्तमसाठी दवाखान्यातल्या शिपायाच्या जागेची चौकशी सुरू केली. एका संध्याकाळी घरी आले तर तो सगळ्या तारा काढून बसला होता. त्याने त्या उलट क्रमाने चढवल्या आणि गिटार उलटी करून गळ्यात घातली. आता दाबायला उजवा हात, छेडायला डावा. तिचे दोन्ही पंख सारखे, त्यामुळे उलटी केली तरी ती तशीच दिसत होती, तशीच लटकत होती. हैदराबादच्या त्या गोल गिटारीला हातासाठी खाच एकाच बाजूला होती, ती उलटी केली असती तर तिचा वरचा खांदा खाली येऊन हाताला आडवा आला असता. हे मला त्याच क्षणी कळलं. त्याला मात्र बोलून दाखवलं नाही, नाहीतर महिनाभर ऐकवत बसला असता.

वर्षभर तो भिकार वाजवत होता. शेजारीण भिंत ठोकायची. आवाजाचं बटण आता वरच्या पंखावर आलं होतं, बाही घासून गाण्याच्या मधेच आवाज गुल व्हायचा आणि हा स्टेजवर करीमभाईंना शिव्या घालायचा. मग त्याने सगळ्या शर्टांच्या बाह्याच कापल्या. हळूहळू हात बसला. त्या गावाच्या रस्त्यानेही तो कार्यक्रमांना जायचा. टेम्पोत मागे, गिटार गळ्यात घालून, उभा. करीमभाई म्हणायचे, "उत्तम, बस रे बाबा." मीही दर वेळी निघताना हेच म्हणायचे. त्या दिवशीही म्हटलं होतं.

बसला असता तर वाचला असता. नर्स म्हणून मला एवढं नक्की सांगता येतं. पण बसला असता तो उत्तम मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल काही सांगता येत नाही.

करीमभाई परवा गिटार मागायला आले होते. नवा वाजवणारा मिळालाय, तारा सरळ करून घेईल म्हणाले. वस्तू वापरात राहिलेली बरी, हे मला पटतं. घेऊन जा म्हटलं, पण जयंतीनंतर. तोवर ती माझ्या खोलीत खिळ्याला आहे. भिंतीला टेकवून ठेवता येत नाही, घसरते. तुटलेल्या दोन तारा मी बदलून घेतल्या, उलट्या क्रमानेच. रविवारी सुटी असते तेव्हा ती उतरवते आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसते. पहिल्या रविवारी कॉटवर बसून मांडीवर घेतली होती. घसरली. सावरून पुन्हा घेतली, पुन्हा घसरली. आता उभी राहूनच पुसते. माझे गुडघे दुखतात, पण तिच्यापुढे इलाज नाही.