घरी आल्यावरच्या गोळ्या

मिरच्या जळल्याचा वास आला, की मला भावाचे वाजणारे दात ऐकू येतात. आफ्रिकेत पाण्याच्या बोअर पाडायच्या कामाला गेलेला भाऊ गंगाखेडला परतून पंधरवडा झाला होता. भर उन्हात दोन गोधड्यांखाली तो थंडीतापानं कुडकुडत होता. आईनं मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, पण कुणालाच ठसका लागला नाही. "बघ, लय नजर लागलीय," ती म्हणाली. तो बरळायला लागला, तेव्हा मी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, आईही आली. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेर कुठं गेला होता का?" आईनं माझा हात दाबला. बाहेरून रोग आणल्याचा गावात बोभाटा झाला तर कुणी घरी फिरकणार नाही, ही तिची धास्ती. मी हात सोडवून आफ्रिकेचं नाव घेतलं. डॉक्टरांचा चेहराच बदलला. रक्तात मलेरिया निघाला. घरी आल्यावर गोळ्या थांबल्याचं कळताच डॉक्टर म्हणाले, "मलेरिया होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या परत आल्यावरही घ्यायच्या असतात. बंद कुणी केल्या?" आई पुटपुटली, "मीच. म्हणलं, लेकरू घरी आलंय, आता कशाला गोळ्या?" तो वाचला. परवा तो पुन्हा तिकडून आला. आईनं त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि हात पुढं केला, "गोळ्या दाव. किती उरल्यात?"