डेस्मंडने बुजवलेलं लॉक

बुजलेला जुना कालवा आम्ही हौशी मंडळी दर शनिवारी उकरून मोकळा करायचो, पण सातव्या लॉकचा पत्ता आम्हाला तीन शनिवार लागत नव्हता. बोटी चढवण्या-उतरवण्याचा एवढा मोठा दगडी हौद, पण वर शेत झालेलं, आणि नकाशा दाखवेल तिथे नुसती चिकणमाती. चौथ्या शनिवारी डेस्मंड पार्जेटरने चहाची किटली खाली ठेवली. "इथे नाही. त्या ओकच्या झाडाच्या अलीकडे, बारा पावलं."

गटात तो नवा होता. वय अठ्ठ्याहत्तर, बोलणं कमी. आम्ही तिथे खणलं, तर हातभर खाली काठाचा घडीव दगड लागला.

"तुला कसं ठाऊक रे?" आमच्या कामाची सूत्रं सांभाळणाऱ्या मॉरीन गिटिन्सने विचारलं.

"मीच बुजवलंय ते. सहासष्ट साली. कौन्सिलचा ट्रक माझ्याकडे होता."

मग मॉरीन म्हणाली, "म्हणजे माझी कंबर गेली ती तुझ्यामुळे. घे फावडं."

सगळे हसले. डेस्मंडही हसला, पण अर्धवट.

दुपारी सँडविच खाताना तो मला सांगू लागला. कालवा तेव्हा बंद पडलेला, लॉकमध्ये नुसतं हिरवं पाणी. त्यात गावातली पाच वर्षांची मुलगी बुडाली. डेस्मंडने भराव टाकला तेव्हा बायांनी त्याला केक आणून दिला. एकीने तर हात धरून आभार मानले.

"आणि आज उकरतोय तर तुम्ही पाठ थोपटताय. मग मी तेव्हा चुकलो की आता?"

"दोन्ही वेळा बरोबर असशील."

"असं कसं होईल?"

मी माझं उरलेलं सँडविच त्याच्यापुढे केलं.

पुढची चार वर्षं तो येत राहिला. घरी जाताना दर वेळी म्हणायचा, पुढच्या शनिवारचं काही सांगता येत नाही. भिंती मोकळ्या झाल्यावर मात्र त्याने हट्ट धरला, पडलेल्याला वर येता यावं म्हणून आत लोखंडी शिड्या हव्यात. एकीच्या पायऱ्या त्याने अगदी जवळजवळ बसवून घेतल्या, लहान पायांना पुरतील अशा.

पाणी सोडलं, पहिली बोट वर चढली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. डेस्मंडने हात उचलले आणि तसेच खिशात घातले.

"खूश आहेस ना?" मॉरीनने विचारलं.

"बघतोय. अजून कळत नाही."

पुढच्या शनिवारी आम्ही आठव्या लॉकवर गेलो. ते कुणी दुसऱ्यानेच बुजवलं होतं. डेस्मंड आमच्याआधी येऊन बसला होता.