थोरल्या काकांचं ॲडजस्ट

इंग्रजांनी जाताना या देशात एकच क्रियापद ठेवलं असतं, तरी आमच्या थोरल्या काकांचं आयुष्य सुखात गेलं असतं. ते क्रियापद म्हणजे ॲडजस्ट. बाकीच्या इंग्रजीची त्यांना कधी गरज पडली नाही, आणि खरं सांगायचं तर मराठीचीही फारशी नाही. नव्वदच्या दशकात शहापूरहून किन्हवलीला निघालेल्या जीपला माणसं लोंबकळत असली, तरी काका दोन कोंबड्या आणि भाताचं पोतं घेऊन आत शिरत आणि प्रेमाने म्हणत, "जरा ॲडजस्ट करा रे, तुमी काय परके हाव?" मग परके नसलेले लोक श्वास आत ओढून घेत. शिंप्याने माझ्या शर्टाची एक बाही आखूड शिवली, तेव्हा काका शिंप्याला अवाक्षर बोलले नाहीत. मला म्हणाले, "हात जरा वर ओढून धर, ॲडजस्ट व्हतं." एका लग्नात जेवण कमी पडलं, तर मुलीकडच्यांच्या वतीने त्यांनी वऱ्हाडाला वरणावर ॲडजस्ट करायला लावलं, आणि स्वतः पहिल्याच पंगतीला जेवून घेतलं होतं.

असा गुणी माणूस गाव वाया कसा घालवेल? कुणाची मुलगी सासरहून निघून आली की बैठकीला काकांना मानाचं बोलावणं असे. काका चहा पीत, मुलीला ॲडजस्ट करायला सांगत, टोपी झटकून उठत. मुलगी मुकाट्याने परत जाई.

मग एका माघात त्यांची स्वतःची मुलगी, आमची सुमनताई, मुरबाडकडच्या सासरहून आली. हातावरचे चटक्यांचे डाग ती पदराखाली झाकत होती. बैठक काकांच्याच ओटीवर भरली. पुरुष सतरंजीवर आणि ताई, रिवाजाप्रमाणे, आतल्या दाराशी उभी. तिचा सासरा मोठ्या अदबीने म्हणाला, "पोरीनं थोडं ॲडजस्ट करायला पायजे. तुमीच सांगा तिला."

सगळे काकांकडे बघू लागले. ताईसुद्धा. निकाल मला पाठ होता. काका सरकले आणि शेजारच्या पोलीस पाटलाला कोपराने ढकलत म्हणाले, "सरका जरा. ये गो सुमन, हितं बस माज्याजवल." ताई पुरुषांच्या सतरंजीवर येऊन बसली. काका व्याह्यांना म्हणाले, "ती आता जायची नाय. तिनं केलां तेवढा बास. आता आमी करू ॲडजस्ट."

जीपमध्ये मात्र ते शेवटपर्यंत सुधारले नाहीत. आता काका नाहीत. परवा किन्हवलीच्या जीपमध्ये मला ऐसपैस जागा मिळाली, आणि ती मला अजिबात आवडली नाही.