दोरीपलीकडची गोष्ट

मी पोहायला शिकले ती निव्वळ भोचकपणामुळे. आमच्या टँकवरच्या कोच मॅडमना वाटतं की त्यांनी मला शिकवलं, आणि घरी नवऱ्याचा असा समज आहे की त्याने टोमणे मारले म्हणून मी जिद्दीला पेटले. दोघांचेही गैरसमज मी दूर केलेले नाहीत. भोचक हा शब्द आपण होऊन कुणी स्वतःला लावून घेत नाही, पण इथे दुसरा बसत नाही.

नोकरीतून निवृत्त झाले आणि लगोलग गुडघ्यांनीही राजीनामा दिला. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा, पोहा. मला पोहता येत नाही असं सांगितल्यावर ते म्हणाले की मग शिका, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. घरी आल्यावर मी ही बातमी दिली तेव्हा नवऱ्याने वर्तमानपत्रातून मान वर न करता एवढंच विचारलं, "किती दिवस?"

आमच्या घरात या प्रश्नाला इतिहास आहे. माझी हार्मोनियम पलंगाखाली आहे आणि योगासनांच्या चटईवर दर उन्हाळ्यात बटाट्याचा कीस वाळतो. पाहुणे आले की नवरा हे दोन्ही दाखवतो, एखाद्याने गड दाखवावा तसं. हसतात सगळे, मीही हसते. पण खरं सांगायचं तर त्या हसण्याचा मला वीट आला होता. आयुष्यभर नोकरी केली, ती काही मी मध्येच सोडली नव्हती, पण ते कुणी धरत नाही. म्हणून मनाशी ठरवलं, की या वेळी टँक या टोकापासून त्या टोकापर्यंत पार करायचाच. ते जमेपर्यंत घरात पोहण्याविषयी चकार शब्द काढायचा नाही.

कोथरूडच्या त्या टँकवर दुपारी बायकांची बॅच असते. दुपारी अशासाठी की सकाळी पुरुषांना ऑफिसं असतात आणि संध्याकाळी मुलांचे क्लास. उरलेलं ऊन बायकांचं. नवशिक्यांनी उथळ बाजूला कडेची दांडी धरायची, आडवं व्हायचं आणि पाय मारत राहायचे. आम्ही सगळ्या ओळीने दांडीला लटकलेल्या असायचो, गुडघ्यापर्यंत कॉश्च्युम आणि डोक्याला घट्ट टोप्या. त्या टोप्यांनी भल्याभल्यांची ऐट उतरते. आरशात स्वतःला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला नुकत्याच सोललेल्या उकडलेल्या अंड्याची आठवण झाली.

कोच मॅडम माझ्या मुलीपेक्षाही लहान. गळ्यात शिट्टी, आणि तोंडात सतत एकच, "काकू, फोकस!" फोकसला मराठीत लक्ष म्हणतात आणि ते माझ्याकडे भरपूर होतं, फक्त पायांकडे नव्हतं. पाण्यात तोंड घालायची वेळ आली की माझा गॉगल धूसर व्हायचा. गॉगल पुसून झाला की टोपी सरकायची. टोपी बसली की कानात पाणी जायचं. मॅडम कमरेवर हात ठेवून हे सगळं बघायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "झालं काकू? आता बुडबुडे." मग मी बुडबुडे काढायची, म्हणजे अर्धे काढायची आणि अर्धं पाणी प्यायची.

भरीस भर म्हणजे पोहून आल्यावर लागणारी भूक. ही भूक कुठल्याही डॉक्टरने मला आधी सांगितली नव्हती. घरी आले की मी सकाळची पोळी, दुपारची भाजी आणि संध्याकाळसाठी ठेवलेली थालीपीठं अशा क्रमाने सगळं संपवायची. वजन वाढलं. नवरा म्हणाला, "कडधान्यासारखी आहेस. भिजलीस की फुगतेस." दुसऱ्या आठवड्यात मी ठरवलं की पुरे. दुसऱ्या दिवशी शेवटचं जायचं, लॉकरमधला साबण घेऊन यायचा आणि गुडघ्यांना म्हणायचं, तुमचं तुम्ही बघा.

त्या शेवटच्या दिवशी दांडीवर माझ्या शेजारी एक नवीन बाई आल्या. मूळ अमरावतीच्या, आता कर्वेनगरात राहणाऱ्या, माझ्याच वयाच्या, अंगाने काटकुळ्या. त्यांचे पाय सरळ रेषेत, न थकता चालत होते आणि त्याच वेळी तोंडही चालत होतं. मी विचारलं नव्हतं, पण त्यांनी सांगितलं, की मुलगी बंगळुरूला कॉम्प्युटर कंपनीत आहे आणि सध्या तिच्यासाठी स्थळं येऊन राहिलीत. आदल्या रविवारी वर्ध्याचे पाहुणे आले होते. मुलाच्या आईने पाणी मागितलं आणि स्वतःच उठून घ्यायला स्वयंपाकघरात गेली. फ्रिज उघडला, आतलं सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, "हा पालक कधीचा आहे?"

मी दांडी धरलेल्या हातांवर जोर देऊन वर आले. मग काय झालं? मॅडमची शिट्टी वाजली, वेळ संपली. बाई म्हणाल्या, "उद्या सांगते जी."

साबण लॉकरमध्येच राहिला.

त्यानंतर मी एकही दिवस चुकवला नाही. वर्ध्याच्या आईला पालक नापसंत पडला. तिच्यानंतर अकोल्याचा एक मुलगा आला, त्याच्या काकांनी पोहे खाता खाता सोसायटीत पार्किंग किती आहे ते विचारलं आणि खाली जाऊन टेपने मोजून आले. मी घरी भांडी घासताना त्या काकांना शिव्या घालायची. आमच्या बाजूच्या इतर बायकाही ऐकायच्या, पण त्या ऐकता ऐकता एकेक करून दांडी सोडून पोहू लागल्या. मी मात्र सोडली नाही. कारण दांडी सोडली की तोंड पाण्यात जातं आणि कान बंद होतात. या गोष्टीपायी मी टँकवर टिकले आणि या गोष्टीपायीच शिकत नव्हते, हे मॅडमच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

मग नाशिकचा मुलगा आला. इंजिनिअर, उंच, शेंगदाणे न काढता पोहे खाणारा. घरच्यांना पसंत, बाईंच्या यजमानांनाही पसंत. त्याने विचारलं, की मुलीशी जरा एकटं बोलू का. दोघं गॅलरीत गेली आणि त्याने काचेचं दार ओढून घेतलं. हॉलमध्ये सगळे चहाचे कप हातात धरून बसलेले. अर्धा तास झाला. दार उघडलं.

इतक्यात मॅडम आल्या आणि बाईंना म्हणाल्या, "काकू, तुमची किक मस्त झालीये. उद्यापासून तुम्ही दोरीच्या पलीकडे."

टँकच्या मध्यावर रंगीत गोळ्यांची दोरी असते. अलीकडे उथळ, पलीकडे खोल. दुसऱ्या दिवशी बाई पलीकडे गेल्या आणि अगदी लांबच्या कोपऱ्यात दांडी धरून विसावू लागल्या. मी काठाने चालत तिथवर गेले आणि शिडीवर पाय ठेवला. शिट्टी इतक्या जोरात वाजली की मी पडता पडता वाचले. ज्यांना पोहता येतं त्यांनीच त्या बाजूला, असं मला सगळ्या बॅचसमोर ऐकवण्यात आलं. कपडे बदलण्याच्या खोलीत गाठलं, तर बाई केस पुसत नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "इथं नाही. पाण्यात सांगते." फोन नंबर मागितला तर म्हणाल्या, हे फोनवर सांगण्यासारखं नाही.

मॅडम मला नेहमी सांगायच्या, की काकू, डोळ्यांसमोर एक टार्गेट ठेवा. आता ते होतं. ते गॅलरीतून बाहेर आलं होतं आणि मला त्याचा चेहरा दिसत नव्हता.

मी तोंड पाण्यात घातलं. गॉगल धूसर झाला तर धूसर गॉगलने बघितलं. पाय मारले, हात मारले, नाकातून पाणी गेलं की खोकून पुन्हा मारले. मॅडम संशयाने बघत होत्या. एवढा बदल त्यांना पटत नसावा. पाय दुखले की मला थांबावंसं वाटायचं, म्हणून मी पायांचा विचार करणंच सोडलं. एकेका श्वासाला मी गॅलरीतला एकेक संवाद ठरवायची. त्याने नोकरी सोडायला सांगितलं असेल का? तिचं दुसरीकडे कुठे असेल का? मान वर, श्वास, मान खाली. त्याचंच दुसरीकडे असेल का? विचार करता करता समोरची भिंत हाताला लागायची. मी न थांबता रुंदी पार करू लागले आणि एका दुपारी मॅडमनी मान डोलावून दोरीकडे बोट केलं.

दोरीखालून गेले तेव्हा पायाखालच्या फरश्या हळूहळू लांब गेल्या. परत फिरावंसं वाटलं, पण परत फिरणं आणि पुढे जाणं यांचं अंतर तोवर सारखंच झालं होतं. मी मनात गॅलरी धरून ठेवली. हात दांडीला लागले तेव्हा मला धड श्वासही घेता येत नव्हता. बाई शेजारीच होत्या. त्यांनी माझ्या दंडाला धरलं.

"आता सांगा," मी म्हटलं. "गॅलरीत काय बोलणं झालं?"

"मलाच नाही माहीत जी."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्या दोरीकडे बघत होत्या, पलीकडच्या बायका ऐकत नाहीत ना याची खात्री केल्यासारख्या. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं. मुलीने दोन वर्षांपूर्वीच बंगळुरूला रजिस्टर लग्न केलं होतं. गळ्यात हार घालूनच तिने व्हिडिओ कॉल केला. बाई आणि त्यांचे यजमान कर्वेनगरच्या घरात मटार सोलत बसले होते. बाई म्हणाल्या, बरं झालं, सुखी राहा, आणि फोन ठेवून उरलेले मटार सोलले. जावई चांगला आहे, तक्रार काही नाही. पण अमरावतीकडच्या नातेवाइकांना अजून सांगितलेलं नाही, आणि ते आपले स्थळं पाठवत राहतात. वर्धा, अकोला, नाशिक, सगळी स्थळं खरी. नातेवाइकांना फोनवर काय उत्तर द्यावं ते सुचेना, म्हणून बाई पाय मारता मारता त्या स्थळांना मनातच घरी आणायच्या, सोफ्यावर बसवायच्या, पोहे द्यायच्या. जे घरात कधी झालंच नाही, ते सगळं त्या दांडीला धरून करून घेत होत्या.

"पाहुण्यांचं सगळं मी बोलली," त्या म्हणाल्या. "पण पोरगी गॅलरीत गेली न, मग ती काय बोलेल तेच सुचून नाही राहिलं."

मला आधी रागच आला. नाशिकच्या त्या मुलासाठी मी टँकभर क्लोरीन प्यायले होते. पण राग पाण्यात फार टिकत नाही, हात दमलेले असतात. शिवाय माझा स्वभाव आड आला. मी विचारलं, मग खरा जावई आणि मुलगी, यांच्यात आधी कोण बोललं? त्यांना माहीत नव्हतं. भेटले कुठे? बहुतेक ऑफिसात. त्याला खायला काय आवडतं? विचारलं नाही. दोन वर्षांत एकदाही नाही? राग नव्हता, त्या म्हणाल्या. आधी मान आड आला, आणि मग विचारायची वेळ निघून गेली असं वाटलं.

"अहो, मग आता विचारा ना," मी म्हटलं. "मला परक्या बाईला राहवत नाहीये. तुम्हाला कसं राहवतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गॉगल डोळ्यांवर ओढला आणि भिंतीला पाय लावून निघून गेल्या. त्या दुपारी त्या पुन्हा माझ्या बाजूला फिरकल्याच नाहीत.

मला दिवसभर रुखरुख लागून राहिली. ज्या बातमीसाठी उन्हाळाभर तोंड बंद ठेवलं होतं, ती मी आमटी वाढताना सहज सांगून टाकली, की आज टँक पार केला. नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याने विचारलं, पूर्ण? मी म्हटलं, पूर्ण, आणि ताटाकडे बघत बसले. त्याने माझ्या वाटीत तूप वाढलं. मला वाटत होतं की ती बाई आता टँकवर येणारच नाही, आणि ते माझ्या जिभेमुळे.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर त्या आधीच पाण्यात होत्या. पोहत नव्हत्या. त्याच लांबच्या कोपऱ्यात, दांडी धरून, दोरीकडे तोंड करून थांबलेल्या. मी टोपी घातली आणि कुणी काही सांगायच्या आत निघाले. या वेळी संवाद वगैरे काही ठरवले नाहीत, नुसतं जायचं होतं. फरश्या लांब गेल्या ते कळलंही नाही.

हात दांडीला लागल्यावर त्या म्हणाल्या, "विचारलं."

मी धापा टाकत थांबले.

"पहिले तीच बोलली म्हणे त्याच्याशी." "आणि मले म्हणते, आई, तू विचारशील म्हणून दोन वर्षं वाट पाहिली मी."

मी दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली, पाठ भिंतीला टेकवली आणि म्हटलं, सुरुवातीपासून सांगा.